तंतू काळा झाला, तरी भट्टीत चुरा का होतो? पॅनपासून कार्बन तंतू करताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण

पॅनचा, म्हणजे पॉलिॲक्रिलोनायट्राइलचा, पांढराशुभ्र टो, म्हणजे अनेक तंतूंची सलग जुडी, हवेच्या ओव्हनमध्ये २५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला जातो. तो आधी पिवळा होतो, मग नारिंगी, तपकिरी आणि शेवटी काळाकुट्ट. ज्योतीत धरला तर पेट घेत नाही. स्थिरीकरण, म्हणजे पुढे भट्टीत तंतू टिकावा म्हणून हवेत केलेली ही तापवणी, झाले असे समजून तो नायट्रोजनच्या भट्टीत जातो, १००० अंशांपर्यंत तापतो, आणि बाहेर काढल्यावर चिमटीत धरताच त्याचा चुरा होतो. कधी तंतू एकमेकांना चिकटून कडक काडी झालेली असते. कधी वजन इतके घटलेले असते की अर्धा माल हवेत गेला की काय असे वाटते.

मग भट्टीचा वेग बदलून पाहिला जातो, नायट्रोजन वाढवला जातो, कमाल तापमान खालीवर केले जाते. पुढचा टो तसाच निघतो. तेव्हा ओव्हनचे तापमान वीस-तीस अंशांनी वाढवले जाते, म्हणजे स्थिरीकरण 'नीट' होईल. त्याने परिस्थिती आणखी बिघडते.

बहुतेक वेळा हा दोष भट्टीत दिसतो, पण तयार होतो ओव्हनमध्ये, आणि तोही सुरुवातीच्या टप्प्यात. का, ते पुढे सविस्तर लिहिले आहे. पण आधी दोन चाचण्या करून घ्या, कारण अंदाजावर महिने जातात.

आधी ठरवा: ओव्हन की भट्टी?

बाजारात तयार ऑक्सिडीकृत पॅन तंतू मिळतो. आगरोधक कापड आणि फेल्ट त्यापासून बनवतात. त्याचा छोटा तुकडा तुमच्याच भट्टीत, तुमच्याच तापक्रमाने कार्बनीकृत करा, म्हणजे नायट्रोजनमध्ये तापवून त्याचा कार्बन होऊ द्या. तो लवचीक, चमकदार आणि सुटा बाहेर आला, तर भट्टी निर्दोष आहे आणि शोध ओव्हनकडे वळवायला हवा. तोही चुरला, तर भट्टीत हवा शिरते आहे किंवा तापण्याचा वेग फार आहे.

दुसरी चाचणी उलट दिशेने जाते. तयार कार्बन तंतूचा तुकडा ॲसिटोनमध्ये धुऊन त्यावरचे सायझिंग (तंतूवर दिलेला पातळ संरक्षक लेप) काढा, वाळवा, वजन करा आणि त्याच भट्टीतून त्याच तापक्रमाने फिरवून आणा. तयार कार्बनचे वजन निष्क्रिय वायूत जवळजवळ तेवढेच राहायला हवे. ते लक्षणीय घटले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पृष्ठभागावर खड्डे दिसले, तर ऑक्सिजन आत येतो आहे, दुसरे काही नाही.

या दोन चाचण्यांना एक दिवस लागतो. त्या केल्याशिवाय कोणतीही सेटिंग बदलू नका, ही कळकळीची विनंती.

त्याआधी विषारी वायूंबद्दल

पॅन तापवताना हायड्रोजन सायनाइड निघतो. भट्टीत तो भरपूर निघतोच, पण हवेच्या ओव्हनमध्येही निघतो, आणि हे अनेकांना ठाऊक नसते. सोबत अमोनिया आणि कार्बन मोनॉक्साइड असतात. हायड्रोजन सायनाइडचे ५० पीपीएम प्रमाण जिवाला तत्काळ धोकादायक मानले जाते, आणि त्याचा वास सगळ्यांना येत नाही. म्हणून वासावर विसंबणे हा उपाय नाहीच. ओव्हन आणि भट्टी दोन्हींना बाहेर काढणारा एक्झॉस्ट, वायू धुणारा स्क्रबर किंवा जाळणारा दाहक, आणि खोलीत सायनाइडचा गॅस डिटेक्टर या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय हे काम करू नये. स्क्रबरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असेल तर त्यात सायनाइड साठत जाते. त्या द्रावणात आम्ल कधीही पडता कामा नये, पडले तर सगळा वायू परत बाहेर येतो. घरच्या ओव्हनमध्ये किंवा गॅरेजमध्ये करण्याचे हे काम नाही.

काळा रंग काय सांगतो आणि काय सांगत नाही

पॅनची साखळी सरळ असते. दर दुसऱ्या कार्बनवर एक नायट्राइल गट लटकलेला असतो. तापवल्यावर शेजारशेजारचे नायट्राइल गट एकमेकांशी जोडले जातात आणि षटकोनी वलयांची रांग तयार होते. यालाच शिडी रचना म्हणतात. आर. सी. हौट्झ यांनी १९५० मध्ये पॅन तापवल्यावर काळे का पडते याचे स्पष्टीकरण देताना अशी रचना मांडली होती. ही वलये जुळताना कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधांची सलग मालिका बनते, आणि तीच प्रकाश शोषते. रंग येतो तो तिथून.

अडचण अशी की रंग गडद व्हायला फार मोठ्या प्रमाणात वलयीकरण लागत नाही. काही थोडे दुवे जुळले तरी तंतू तपकिरी होतो, आणखी थोडे जुळले की काळा. त्यापुढे रंग बदलत नाही, पण रसायन मात्र बरेच बाकी असते.

शिवाय वलयीकरण हा स्थिरीकरणाचा एकच भाग आहे. दुसरा भाग ऑक्सिजनचा. हवेतला ऑक्सिजन साखळीतले हायड्रोजन पाण्याच्या रूपाने काढून नेतो, त्यामुळे वलये ॲरोमॅटिक होतात, आणि स्वतःही वलयांवर कार्बोनिल व इतर गटांच्या रूपाने बसतो. हेच गट पुढे भट्टीत ३५० ते ५०० अंशांच्या टप्प्यात शेजारच्या शिड्यांना एकमेकींशी बांधतात. वलयीकरणाला ऑक्सिजन लागत नाही, ते नायट्रोजनमध्येही होते. म्हणून ऑक्सिजन न पोहोचलेला भागही रंगाने गडद दिसू शकतो. पण त्या शिड्या एकमेकींशी बांधल्या जात नाहीत, आणि भट्टीत तापल्यावर तुकड्या-तुकड्याने तुटून डांबर आणि वायू होऊन निघून जातात. वजन घटते ते याचमुळे.

पॅनमध्ये वजनाने सुमारे ६८ टक्के कार्बन असतो. काही कार्बन हायड्रोजन सायनाइड आणि कार्बनच्या ऑक्साइडांतून जाणारच, त्यामुळे चांगल्या प्रक्रियेत मूळ तंतूच्या वजनाच्या साधारण ५० ते ५५ टक्के कार्बन तंतू हाती येतो. तुमचा आकडा चाळिशीत किंवा त्याखाली असेल, तर एक तर गाभा कच्चा राहिला आहे किंवा भट्टीत हवा आहे. वरच्या चाचण्यांनी यातले कोणते ते कळलेलेच असेल.

साल पक्की, गाभा कच्चा

आता मूळ कारणाकडे. ऑक्सिजनला तंतूच्या पृष्ठभागावरून आत झिरपावे लागते. झिरपण्याचा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कार्बन तंतूसाठीच काढलेला पूर्वगामी तंतू, म्हणजे कार्बनीकरणाआधीचा मूळ पॅन तंतू, साधारण ११-१२ मायक्रॉन जाडीचा असतो. कापडासाठीचा ३ डेनियरचा (डेनियर म्हणजे ९००० मीटर तंतूचे ग्रॅममधले वजन) ॲक्रिलिक तंतू १९ मायक्रॉनच्या आसपास असतो. फरक डोळ्याला दिसतही नाही, पण गाभ्यापर्यंत ऑक्सिजन पोहोचायला जवळजवळ अडीच ते तीन पट वेळ लागतो. बारीक तंतूसाठीचा तापक्रम जाड तंतूला जसाच्या तसा लावणे हे या अडचणीचे फार नेहमीचे कारण आहे.

त्यात भर अशी की आधी पक्की झालेली साल पुढच्या ऑक्सिजनला अडवते. शिडी रचनेत साखळ्या घट्ट बसतात, घनता वाढते आणि झिरपणे मंदावते. सुरुवातीलाच तापमान चढवले की बाहेरच्या थरातली अभिक्रिया ऑक्सिजन आत जाण्याच्या वेगापेक्षा पुढे निघून जाते. पृष्ठभागावर येणारा ऑक्सिजन तिथेच खर्च होतो, साल दाट होते आणि गाभा जवळपास बंद होतो. मग त्याच तापमानाला आणखी एक तास ठेवले तरी गाभ्यात फार फरक पडत नाही, साल मात्र जास्त ऑक्सिडीकृत होऊन ठिसूळ होते.

म्हणूनच 'नीट शिजत नाही, तापमान वाढवा' हा सल्ला उलटा पडतो. तापमान वाढवल्याने अभिक्रियेचा वेग झिरपण्याच्या वेगापेक्षा जास्त पटीने वाढतो. दोघांतले अंतर रुंदावते.

भट्टीत अशा तंतूचा कच्चा गाभा वायू होऊन निघतो. पक्क्या सालीतून त्याला वाट मिळाली तर मागे पोकळ नळी उरते. वाट मिळाली नाही तर दाबाने साल तडकते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेल्या टोकाकडे पाहा. पोकळ नळ्या किंवा मधोमध स्पंजासारखा भाग दिसला, तर हे निदान पक्के समजा.

मोजायचे काय

रंग आणि ज्योतीची चाचणी दोन्ही फक्त सालीची खबर देतात. पक्की साल ज्योतीत टिकते, आत काय आहे ते ज्योतीला कळत नाही.

सगळ्यात उपयोगी मोजमाप घनतेचे. कच्च्या पॅनची घनता १.१८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या आसपास असते. नीट स्थिर झालेला तंतू १.३४ ते १.३९ दरम्यान येतो. १.३० ला भट्टीत घातलेला तंतू बहुधा फसतो. १.४० च्या वर गेला तर ऑक्सिडीकरण गरजेपेक्षा जास्त झाले आहे: असा तंतू भट्टीत जादा कार्बन ऑक्साइडांच्या रूपाने गमावतो आणि कमकुवत निघतो. मोजायला घनता-स्तंभ किंवा हेलियम पिक्नोमीटर वापरा. एक काळजी मात्र घ्या. ऑक्सिडीकृत पॅन हवेतली आर्द्रता भराभर ओढून घेतो, वजनाच्या कित्येक टक्के. १०५ अंशांना वाळवून, शोषकपात्रात थंड करून मगच वजन करा. न वाळवता घेतलेल्या वजनावरून कुणी 'ऑक्सिजन भरपूर बसला' असा निष्कर्ष काढला, तर तो निष्कर्ष पाण्याबद्दलचा असतो.

घनता ही सरासरी आहे, हेही विसरू नका. अतिपक्की साल आणि कच्चा गाभा यांची सरासरीही १.३५ भरू शकते. म्हणून घनतेबरोबर छेद पाहायलाच हवा. तंतू इपॉक्सीत बसवा, आडवा कापा, घासून गुळगुळीत करा आणि साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. गडद कडा आणि आत फिकट गोल दिसला की तो गाभा. सबंध छेद एकसारखा दिसेपर्यंत भट्टीकडे वळू नका. सगळ्या महागड्या उपकरणांपेक्षा मला हा छेद जास्त विश्वासाचा वाटतो, कारण तो थेट प्रश्नाचेच उत्तर देतो.

एफटीआयआर (अवरक्त किरणांनी रासायनिक बंध ओळखणारे उपकरण) असेल तर २२४३ सेंटिमीटर व्यस्तांकाजवळची नायट्राइलची पट्टी उतरताना आणि १५९० जवळची दुहेरी बंधांची पट्टी चढताना दिसते. पण इथे एक सापळा आहे. एटीआर पद्धतीने, म्हणजे तंतू स्फटिकावर दाबून पृष्ठभागावरून, मोजले तर किरण तंतूत फार तर एक-दोन मायक्रॉन शिरतात, म्हणजे पुन्हा सालच मोजली जाते. तंतू बारीक दळून पोटॅशियम ब्रोमाइडच्या गोळीत मिसळा, मग गाभाही मोजात येतो. दोन्ही पद्धतींनी मोजून आकड्यांत मोठा फरक आला, तर तो फरकच साल-गाभा दोषाचा पुरावा आहे. मात्र या दोन पट्ट्यांची मुळातली तीव्रता सारखी नाही, त्यामुळे त्यांचे साधे गुणोत्तर थेट टक्केवारी म्हणून वाचू नका. क्ष-किरण विवर्तनात १७ अंशांजवळचे पॅनचे शिखर मावळते आणि २५ अंशांजवळ रुंद उंचवटा येतो, तेही ताडून पाहता येते.

विद्रावकाची चाचणी स्वस्त आहे: तंतूचे अगदी आखूड तुकडे कोमट डायमिथिल फॉर्मामाइडमध्ये ठेवा. कच्चा पॅन विरघळतो, तुकड्यांच्या नळ्या होतात आणि द्रावण पिवळे पडते. पण काहीच विरघळले नाही म्हणून गाभा पक्का, असे म्हणता येत नाही. ऑक्सिजनशिवाय वलयीकृत झालेला गाभाही विरघळत नाही. ही चाचणी 'नापास' खात्रीने सांगते, 'पास' नाही. हे द्रव त्वचेतून शरीरात जाते आणि प्रजननाला घातक आहे, म्हणून योग्य हातमोजे आणि फ्यूम हूड हवेच.

तापक्रम कसा बदलायचा

सुरुवात खालून करा आणि पायऱ्यांनी चढा. इटाकॉनिक आम्ल किंवा मिथॅक्रिलिक आम्ल असलेल्या कोपॉलिमरसाठी (पॅनच्या साखळीत दुसरा घटक, म्हणजे कोमोनोमर, मिसळलेला पॉलिमर) २२० अंशांपासून आरंभ करून २३५, २५०, २६५ अशा पायऱ्या आणि प्रत्येकीवर वीस-तीस मिनिटे, हा चांगला पहिला आराखडा आहे. तंतू जाड असेल तर वाढवायचा तो पहिल्या दोन पायऱ्यांवरचा वेळ. शेवटच्या पायरीवर वेळ वाढवून गाभा सुधारत नाही. प्रत्येक पायरीनंतर थोडासा नमुना काढून घनता आणि छेद पाहिलात, तर दोष नेमका कुठे शिरतो ते एकाच फेरीत कळते.

तुमचा पॉलिमर कोणता आहे ते जाणून घ्या. शुद्ध होमोपॉलिमरमध्ये वलयीकरण मुक्त मूलकांनी सुरू होते. ते उशिरा सुरू होते आणि सुरू झाले की एकदम होते. डीएससीवर (तापवताना सुटणारी उष्णता मोजणाऱ्या उपकरणावर) उंच, अरुंद शिखर दिसते. आम्लाचा कोमोनोमर असेल तर कार्बॉक्झिल गट शेजारच्या नायट्राइलवर हल्ला करून आयनिक मार्गाने कमी तापमानालाच सुरुवात करतो, आणि उष्णता रुंद पट्ट्यात सावकाश सुटते. कापडाच्या ॲक्रिलिकमध्ये बहुधा व्हिनाइल ॲसिटेट किंवा मिथाइल ॲक्रिलेट असते, जे ही सुरुवात करून देत नाहीत. उलट साखळीत मध्येच बसून शिडी तोडतात. शिवाय चमक कमी करण्यासाठी घातलेले टायटॅनियम डायऑक्साइडचे कण कार्बन तंतूत दोष म्हणून उरतात. शिकण्यासाठी कापडाचा ॲक्रिलिक तंतू वापरायला हरकत नाही, पण न रंगवलेला आणि बारीक डेनियरचा घ्या, आणि त्याच्याकडून उच्च ताकदीची अपेक्षा ठेवू नका.

उष्णतेचा मुद्दा इथेच येतो. वलयीकरणात प्रति ग्रॅम काही शे ज्यूल उष्णता सुटते. ती बाहेर जाऊ शकली नाही तर टोच्या आतले तापमान शंभर-दोनशे अंशांनी उसळू शकते, आणि टो वितळतो किंवा पेट घेतो. ओव्हनचा डिस्प्ले २४० दाखवतो तो हवेचा. एक बारीक थर्मोकपल जुडीच्या मधोमध घाला. आतला आकडा हवेपेक्षा दहाएक अंशांनी पुढे गेला तरी टो फार जाड आहे किंवा हवा कमी फिरते आहे. टो सपाट पसरवा, पंख्याचा ओव्हन वापरा, एका वेळी कमी माल घाला. पाट्यावर ठेवलेल्या टोची खालची बाजू नेहमी जास्त तापते, म्हणून तो चौकटीवर अधांतरी ताणलेला हवा. आणि ओव्हनमध्ये धूर दिसला तर दार उघडू नका. हीटर बंद करा, एक्झॉस्ट चालू ठेवा, शक्य असेल तर नायट्रोजन सोडा आणि खोलीबाहेर या.

ताण: विसरला जाणारा अर्धा भाग

साल-गाभा दोष दूर झाला, छेद एकसारखा आला, वजनही बरोबर आले, तरी तंतू मऊ आणि कमकुवत निघतो, असेही घडते. तेव्हा पहिला प्रश्न: ओव्हनमध्ये तंतू मोकळा होता का?

कातताना ओढलेल्या तंतूत साखळ्या लांबीच्या दिशेने रांगेत असतात. मोकळा तापवला की त्या आधी सैल होऊन गुंडाळतात आणि नंतर वलये जुळताना आणखी आखडतात. लांबी वीस-तीस टक्क्यांनी सहज कमी होते. गेलेली रांग पुढे कोणत्याही तापमानाला परत येत नाही. जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी १९६०च्या सुमारास पॅनपासून कार्बन तंतू तयार केले. त्यानंतर काही वर्षांतच ब्रिटनमध्ये फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये विल्यम वॉट, लेस्ली फिलिप्स आणि विल्यम जॉन्सन यांनी ऑक्सिडीकरणाच्या वेळी तंतू आखडू न देता धरून ठेवला आणि ताठरपणात मोठी उडी मिळवली. आजची सगळी उत्पादने त्याच तत्त्वावर उभी आहेत.

छोट्या प्रयोगात टो स्टेनलेस स्टीलच्या चौकटीवर दोन्ही टोकांनी बांधा किंवा एका टोकाला वजन लटकवा. वजन किती, हे आकड्याने ठरवण्यापेक्षा लांबीने ठरवा: सुरुवातीची आणि शेवटची लांबी जवळपास सारखी राहील एवढे. टो २००-२५० अंशांच्या टप्प्यात मध्येच तुटत असेल तर वजन जास्त आहे किंवा एका जागी तो जास्त तापतो आहे. तुटण्याची जागा दर वेळी तीच असेल तर ओव्हनमधली ती जागा तपासा. भट्टीतही टो हलका ताणलेला ठेवा, पण तिथे चौकट ग्रॅफाइटची हवी. लोखंड तापल्यावर तंतूतला कार्बन ओढून घेते.

तंतू चिकटून काडी होते तेव्हा

याची कारणे वेगळी असू शकतात आणि छेद पाहिल्यावर ती बहुधा ओळखू येतात. छेदात तंतूंचे आकार दबून षटकोनी झाले असतील तर ते ओव्हनमध्येच मऊ पडले: सुरुवातीचे तापमान जास्त किंवा कातण्याच्या वेळचे विद्रावक आत उरलेले. विद्रावक असेल तर उकळत्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून मग वापरा. तंतू गोल आहेत पण मध्ये काळा चिकट पूल आहे, तर ते डांबर किंवा जळालेले तेल. कापडाच्या तंतूवरचे फिनिश धुऊन काढलेले बरे. कार्बन तंतूसाठी बनवलेल्या पूर्वगामी तंतूवर मात्र मुद्दाम सिलिकोनचे तेल लावलेले असते, ते तंतू सुटे राहावेत म्हणूनच. ते धुऊ नका.

भट्टीच दोषी निघाली तर

३०० ते ६०० अंशांत सगळ्यात जास्त बाष्पशील पदार्थ निघतात, म्हणून या टप्प्यात मिनिटाला दोन ते पाच अंशांहून जास्त वेग नको. ६०० नंतर वेग वाढवता येतो. ९०० च्या पुढे निघतो तो मुख्यतः नायट्रोजन, आणि १००० अंशांनाही तंतूत काही टक्के नायट्रोजन शिल्लक असतो. त्यामुळे १००० ला थांबलेल्या तंतूची तुलना बाजारातल्या तंतूशी करू नका. ताकदीचा कळस साधारण १४०० ते १६०० अंशांना येतो.

हवा शिरते कुठून, याचे उत्तर बहुधा डांबरात असते. ते नळीच्या थंड टोकाला साचते, बाहेर जाणारा मार्ग तुंबतो, आतला दाब चढउतार करतो आणि सीलमधून हवा आत ओढली जाते. प्रत्येक फेरीनंतर तो मार्ग साफ करा. थंड होतानाही नायट्रोजन चालू ठेवा: २०० अंशांच्या खाली आल्याशिवाय दार उघडणे म्हणजे गरम कार्बनला थेट हवा देणे. बाहेर जाणाऱ्या नळीवर बबलर (वायू द्रवातून बुडबुड्यांनी जाऊ देणारी बाटली) असेल तर थंड होताना वायू आकसून त्यातले द्रव भट्टीत ओढले जाऊ शकते, म्हणून मध्ये एक रिकामी बाटली हवीच.

पृष्ठभागावर खड्डे आहेत पण वजन फारसे घटलेले नाही, असे असेल तर तंतूतले सोडियम पाहा. सोडियम थायोसायनेटच्या द्रावणातून काढलेल्या तंतूत ते उरू शकते, आणि अल्कली धातू कार्बनच्या ऑक्सिडीकरणाला उत्प्रेरक ठरतात. खनिजरहित पाण्याने भरपूर धुणे हाच उपाय.

हे सगळे जमल्यावर ताकद एका पातळीला येऊन थांबते, आणि मग शोध धुळीपर्यंत जातो. १९७४ मध्ये मोरटन आणि वॉट यांनी पॅन स्वच्छ खोलीत कातून दाखवले की धुळीचे कण वगळले तर कार्बन तंतूची ताकद वाढते. तुटलेल्या टोकाच्या चित्रात भेग जिथून सुरू झाली तिथे एखादा कण किंवा पोकळी दिसते का ते पाहा. दिसली, तर ओव्हन आणि भट्टी दोन्ही सोडून पॉलिमरच्या द्रावणाची गाळणी तपासायला घ्या.